भूकंपाचा धक्का आणि आपल्या घर-दुकानातील गॅस

रमजानचा दहावा रोजा होता. दिनांक २१ मार्च २०२४. सहरी आटोपली होती, फज्रची नमाज होऊन लोक घरी परतले होते, काही जण पुन्हा आडवे झाले होते. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी पैनगंगेच्या पलीकडे, हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. धक्क्याची तीव्रता ४.५ होती. हिंगोली, नांदेड, परभणीबरोबर आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड-पुसद भागातही तो जाणवला. लोक सावरतात न सावरतात तोच दहा-अकरा मिनिटांनी दुसरा, ३.६ तीव्रतेचा धक्का आला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास जवळजवळ पहिल्याइतकाच धक्का त्याच पट्ट्यात पुन्हा बसला. दोन्ही वेळा प्राणहानी झाली नाही आणि चार दिवसांत विषय मागे पडला.

व्यापारी व कारागीर बंधूंनी मात्र या दोन वेळा जरा नीट पाहाव्यात. मार्चचा धक्का तासभर आधी आला असता तर मोहल्ल्यातील घरोघरी सहरीसाठी शेगडी पेटलेली होती. जुलैचा धक्का आला तेव्हा चहाच्या हॉटेलांत दूध चढलेले असते, नाश्त्याच्या गाड्यांवर तेलाची कढई तापलेली असते आणि बेकरीतील भट्टी तर पहाटेपासून सुरू असते. घर पडण्याइतका मोठा भूकंप आपल्याकडे येईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पण घर उभे राहील, फळीवरचा डबा मात्र सिलिंडरवर कोसळेल, एवढा धक्का येऊ शकतो हे आपण अनुभवले आहे. त्या डब्याची आणि त्या सिलिंडरची गोष्ट या लेखात करावयाची आहे.

आपला जिल्हा सुरक्षित आहे काय?

सन २००२ च्या भारतीय मानकातील नकाशात यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भाग दुसऱ्या, म्हणजे त्या नकाशातील सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. हे वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि आठ-दहा हजार माणसे झोपेतच गेली. त्या वेळच्या नकाशात तो परिसर पहिल्या, म्हणजे देशातील सर्वांत निर्धोक समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात होता. नकाशा चुकीचा असतो असे नव्हे. तो आजवर जे घडले त्यावरून काढलेला असतो, आणि जमिनीने आजवर जे केले नाही ते ती उद्या करणारच नाही असा करार तिने कोणाशी केलेला नाही.

किल्लारीत माणसे मेली ती जाड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. गॅसचा प्रश्न तिथे फारसा आलाच नाही. त्या काळी खेड्यात चूल होती. गॅसची जोडणी शहरातल्या थोड्या घरांत होती. आज उलट स्थिती आहे. विशेषतः मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून कवेलूच्या आणि टिनाच्या घरातही लाल सिलिंडर पोहोचले. भिंती मात्र बऱ्याच ठिकाणी त्याच राहिल्या. म्हणजे किल्लारीचा अनुभव आपल्याला भिंतीविषयी पुष्कळ शिकवतो, गॅसविषयी काही शिकवीत नाही. त्यासाठी बाहेर पाहावे लागते.

जपानमध्ये १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा भागात मोठा भूकंप झाला. वेळ दुपारी बाराला दोन मिनिटे कमी, म्हणजे घरोघरी जेवण शिजत असतानाची. सुमारे एक लाख पाच हजार लोक मेले, आणि त्यातील बहुसंख्य पडलेल्या घरांखाली नव्हे तर आगीत मेले. पुढे १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे पावणेसहाला कोबे शहर हादरले. तेथील नागाता हा भाग आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. जोडे-चपला बनविणाऱ्या लहान लहान कारखान्यांचा तो मोहल्ला. खाली काम, वर किंवा मागे घर, शेजारी शेजारी लाकडी इमारती, आत रबर, रसायने आणि चिकटवण्याचा गम. भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्या भागाचे मोठे नुकसान झाले. धक्क्यातून वाचलेली यंत्रे आणि माल आगीत गेला. कोबेत काही आगी तर वीज परत सुरू झाल्यावर लागल्या. गॅस गळत होता, तारा तुटल्या होत्या, आणि कोणी मेन स्विच बंद केलेला नव्हता.

आपल्या कारागिरांचे घर-दुकान याहून फार वेगळे आहे असे आम्हांस वाटत नाही.

धक्क्याने नेमके काय होते?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे स्वतःचे वजन साधारण पंधरा-सोळा किलो. भरलेली टाकी म्हणजे तीस किलोचे ठेंगणे, रुंद बूड असलेले वजन. सपाट फरशीवर सरळ उभी असेल तर चार-साडेचारच्या धक्क्याने ती सहसा आपोआप पडणार नाही. पण आपल्याकडे ती सपाट फरशीवर असते काय? कोणी ती दोन विटांवर ठेवतो. कोणी चाकांच्या ट्रॉलीवर ठेवतो, कारण झाडताना सरकवता येते. जी झाडताना सरकते ती धक्क्यानेही सरकते, आणि तिच्या मागे नळी ओढली जाते. रिकामी होत आलेली टाकी तर निम्म्या वजनाची असते, ती आणखी लवकर हलते.

टाकीच्या आतील दाब आणि शेगडीकडे जाणारा दाब यांत फार मोठा फरक आहे. आत गॅस द्रवरूपात असतो. दर चौरस सेंटीमीटरला कित्येक किलोचा दाब तो टाकीच्या पोलादावर आणि तोंडावरच्या व्हॉल्व्हवर टाकीत असतो. रेग्युलेटर तो दाब कमी करून अवघ्या तीस ग्रॅमवर आणतो. म्हणून नळी सुटली तर गॅस येतो तो मंद दाबाचा. खोली भरते, पण काही वेळ मिळतो. मात्र वरून वजन पडून रेग्युलेटरच उखडला किंवा व्हॉल्व्हला इजा झाली, तर पूर्ण दाबाचा गॅस सुटतो. टाकी आडवी पडलेली असेल तर वायूऐवजी द्रवच बाहेर येऊ लागतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगी पुरेशी असते.

दुसरी ध्यानात ठेवण्याची बाब म्हणजे हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो. उंबऱ्यापाशी, मोरीत, नालीत आणि तळघरात जाऊन बसतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे आहे. मुंबई-पुण्यात आपल्या नातेवाइकांकडे नळाने येणारा गॅस निराळा असतो. तो नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असून छताकडे जातो, तेव्हा तिथे वरची जाळी मोकळी असणे महत्त्वाचे. दोन्ही ठिकाणचे नियम एकमेकांत मिसळू नयेत.

घरात काय करावे?

सर्वांत आधी सिलिंडरच्या वर पाहावे, सिलिंडरकडे नंतर. त्याच्या डोक्यावर फळी आहे काय, फळीवर तेलाचा डबा, पितळेचे पातेले, खलबत्ता, वर्षातून दोनदा निघणारी मोठी देग आहे काय? असेल तर ते सामान खाली, जमिनीवर आणावे. याला एक पैसा लागत नाही, आणि आमच्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे. मांडणी भिंतीला नुसती टेकवून ठेवलेली असते. तिला वरच्या बाजूने दोन ठिकाणी तारेने किंवा पट्टीने भिंतीशी बांधावे.

पुष्कळ घरांत सिलिंडर ओट्याखाली असते आणि ओट्याची कडप्पा फरशी दोन बाजूंच्या विटांच्या भिंतीवर नुसती ठेवलेली असते. सिमेंटने नीट बसवलेलीसुद्धा नसते. ती सरकली तर टाकीच्या तोंडावरच येते. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, करून घ्यावे. ओट्याखाली दार लावून कपाट केले असेल तर दाराला खालच्या बाजूस भोके किंवा जाळी असलीच पाहिजे.

टाकी बांधावी कशाला? जपानमध्ये घराबाहेर उभी केलेली सिलिंडरे साखळीने भिंतीशी बांधतात. आपल्याकडे सिमेंटची किंवा पक्क्या विटांची भिंत असेल तर हे सहज जमते. टाकीच्या अंगाच्या मध्याहून थोड्या वरच्या उंचीवर भिंतीत दोन हूक पक्के बसवावे आणि साखळी किंवा जाड पट्टा टाकीभोवती फिरवून अडकवावा. पट्टा घट्ट असावा, पण टाकी बदलताना सुटेल असा. तोटी किंवा रेग्युलेटरला काहीही बांधू नये. मातीच्या भिंतीत मात्र हूक धरत नाही. दोन झटक्यांत तो मातीसकट बाहेर येतो. अशा घरात अँगलचा चौकोनी स्टँड करून घ्यावा, ज्याचे बूड टाकीपेक्षा बरेच रुंद असेल आणि ज्यात टाकी कमरेपर्यंत बसेल. आपले फॅब्रिकेशनवाले बंधू ग्रिल आणि शटरच्या उरलेल्या तुकड्यांतून असा स्टँड सहज बनवू शकतात. खरे तर उमरखेड, पुसद, महागावकडे हा एक लहानसा धंदाही होऊ शकेल. एक अट मात्र आहे: वेल्डिंग दुकानात करून स्टँड घरी न्यावा. सिलिंडर असलेल्या स्वयंपाकघरात वेल्डिंग मशीन नेणारा कारागीर भूकंपाची वाट न पाहताच आग लावील.

नळीविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण जुनी हिरवी रबरी नळी अजून पुष्कळ घरांत आणि हातगाड्यांवर दिसते. पोलादी तारेची जाळी आत असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी घ्यावी. तिच्यावर आय.एस.आय.ची खूण आणि वर्ष छापलेले असते. पाच वर्षांनी ती बदलावयाची असते. लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी. पण अगदी ताणूनही बसवू नये. शेगडी किंवा टाकी वीतभर सरकली तरी नळीला ताण पडू नये इतका झोल ठेवावा. भूकंपाच्या दृष्टीने हा झोलच कामाला येतो. नळी दारातून, खिडकीतून किंवा भिंतीतील भोकातून कधीही नेऊ नये. नळीवर कापडाचे किंवा प्लास्टिकचे आवरण घालण्याची हौस काही घरांत असते. त्याखाली पडलेली चीर दिसत नाही. रेग्युलेटर आणि टाकी यांच्यामध्ये बसविण्याची निरनिराळी ‘सेफ्टी’ उपकरणे दारावर विकायला येतात. गॅस एजन्सीला विचारल्याशिवाय त्यातले काहीही बसवू नये.

नवी टाकी आली की माणसासमोरच टोपण काढून आतला वॉशर पाहावा आणि जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून गळती पाहणारे वस्ताद अजून आहेत. त्यांच्याविषयी काय लिहावे?

हॉटेल, बेकरी आणि स्वयंपाकी मंडळी

पुसद, दिग्रस, उमरखेड, यवतमाळ, कुठल्याही गावात हॉटेलच्या मागे डोकावून पाहा. एकोणीस किलोची दोन-तीन सिलिंडरे, त्यातील एखादे शेवटचा गॅस निघावा म्हणून आडवे पाडलेले किंवा गरम पाण्याच्या टोपल्यात ठेवलेले, तिथून भट्टीपर्यंत गेलेला पाइप. आडवे पाडणे आणि गरम पाणी, दोन्ही बंद करावे. भूकंप नसतानाही ते धोक्याचेच आहे.

जिथे दोन-चार टाक्या एका पाइपला जोडलेल्या असतात त्या मॅनिफोल्डच्या ठिकाणी तीन गोष्टी पाहाव्यात. टाक्या भिंतीला साखळीने बांधलेल्या असाव्यात. टाकीपासून मॅनिफोल्डपर्यंतची जोडणी, जिला फिटर ‘पिगटेल’ म्हणतात, ती लवचीक असावी आणि तिला थोडा वळसा असावा. आणि पाइप भिंतीतून जातो तिथे तो सिमेंटमध्ये गच्च पुरलेला नसावा. भिंत एका दिशेला आणि पाइप दुसऱ्या दिशेला हलला की पाइप नेमका तिथेच कापला जातो. भिंतीत आधी मोठ्या व्यासाच्या पाइपचा तुकडा बसवावा, त्यातून गॅसचा पाइप न्यावा आणि मधली फट मऊ पदार्थाने बुजवावी. पाइपला ठरावीक अंतरावर क्लॅम्प असावेत. शेवटी मुख्य कॉक कुठे आहे ते पाहावे. तो भट्टीच्या पलीकडे असून पेटत्या कढईवरून हात नेल्याशिवाय पोहोचता येत नसेल, तर असून नसल्यासारखा. कॉक बाहेर पडण्याच्या वाटेवर असला पाहिजे, आणि तो कसा फिरवावयाचा हे सर्वांत लहान पोऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. मालक नेमका गल्ल्यावर असतो. भट्टीजवळ तोच पोऱ्या असतो.

निकाह-वलीम्याचा स्वयंपाक करणाऱ्या बंधूंची अडचण वेगळी आहे. त्यांचे स्वयंपाकघर रोज नव्या मैदानात असते, बर्नर मोठे आणि रेग्युलेटर जास्त दाबाचा. टाकी मंडपाच्या कापडापासून आणि भट्टीपासून दूर, सपाट जमिनीवर ठेवावी, आणि देग तीन विटांवर न चढवता रुंद लोखंडी तिवईवर ठेवावी. उकळते तेल किंवा रस्सा कलंडणे हे गॅसइतकेच भाजणारे आहे.

वेल्डिंग व गॅरेजवाल्यांसाठी

या पानाच्या वाचकांमध्ये सर्वांत अधिक धोका कोणास, असे विचारले तर आम्ही गॅस वेल्डिंगवाल्याचे नाव घेऊ. घरगुती टाकी ठेंगणी असते. ऑक्सिजनची नळकांडी उंची बुडाच्या सुमारे सहापट. जी वस्तू जितकी उंच आणि अरुंद तितकी ती लवकर कलंडते, हे कोणत्याही कारागिराला शिकवावे लागत नाही. भरलेल्या ऑक्सिजनच्या टाकीत दर चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोच्या आसपास दाब असतो. ती पडून व्हॉल्व्ह तुटला तर टाकी बाणासारखी सुटते आणि विटांची भिंत तिला अडवू शकत नाही.

म्हणून ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या टाक्या ट्रॉलीवर किंवा भिंतीशी साखळीने, उंचीच्या दोन-तृतीयांश भागावर बांधलेल्या असाव्यात. वापरात नसलेल्या टाकीवर लोखंडी टोपी चढवलेली असावी. ती टोपी दुकानाच्या कोपऱ्यात बोल्ट ठेवण्याच्या कामी येते, हे आम्ही जाणून आहोत. ॲसिटिलीनची चावी काम चालू असताना स्पिंडलवरच राहू द्यावी, म्हणजे बंद करताना शोधाशोध होत नाही. ही टाकी पडली तर उभी करून लगेच काम सुरू करू नये. आत ॲसिटोन असते, ते खाली बसण्यास वेळ द्यावा.

धक्का आला तर

जपानमध्ये पूर्वी लोकांना शिकवीत की भूकंप आला की प्रथम विस्तव विझवा. लोक हलत्या जमिनीवर शेगडीकडे धावत आणि उकळत्या भांड्याने भाजत. आता तेथे मोठा धक्का बसताच गॅस आपोआप बंद करणारे मीटर घरोघरी आहेत, आणि शिकवण बदलली आहे: आधी स्वतःला सांभाळा. आपल्याकडे असे मीटर नाही. तेव्हा आमची सूचना अशी: शेगडीपाशी उभे असाल आणि हात पोहोचत असेल तर कळ बंद करून बाजूला व्हावे. दूर असाल तर त्या क्षणी धावू नये. डोके सांभाळावे, मातीच्या घरात दाराजवळ असाल तर बाहेर मोकळ्यात जावे.

जमीन थांबली की, घर उभे असेल तर, रेग्युलेटर बंद करावा. वास येत असेल तर दिवा लावू नये आणि लागलेला विझवूही नये. बटण वर-खाली दोन्ही वेळा ठिणगी पडते. मीटर खोलीच्या बाहेर असेल तर तेथूनच मेन बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात, टाकीला सुरक्षेची टोपी लावून शक्य तर ती मोकळ्या जागेत न्यावी, आणि बाहेर आल्यावर फोन करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. शिवाय एजन्सीचा क्रमांक दारामागे लिहून ठेवावा.

आणि चहा टाकण्याची घाई करू नये. २१ मार्चला दुसरा धक्का दहा-अकरा मिनिटांनी आला होता, हे वर लिहिलेच आहे. पहिल्या धक्क्यानंतर जोड साबणाच्या पाण्याने तपासल्याशिवाय शेगडी पेटवू नये.

किल्लारी, कोबे, हिंगोली, सर्व धक्के पहाटे आले म्हणून भूकंप पहाटेच येतो असे कोणी समजू नये; भूजचा २६ जानेवारी २००१ चा भूकंप सकाळी पावणेनऊला झाला. परंतु रात्री निजताना रेग्युलेटर बंद करण्याची सवय असेल तर दिवसाचे सात-आठ तास तरी चिंता मिटते. रमजानात सहरीनंतर ही गोष्ट हमखास राहून जाते.

भरपाईचा प्रश्न

विमा घ्यावा की नाही याबाबत आपल्यात मतभेद आहेत. त्या चर्चेत हे पान शिरत नाही. पण एक विमा असा आहे की ज्यासाठी ग्राहक वेगळा हप्ता भरत नाही. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी काढलेल्या विम्यात गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख, उपचारासाठी माणशी कमाल दोन लाख, आणि ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेतील मालमत्तेच्या नुकसानीसाठी कमाल दोन लाख रुपये अशी तरतूद आहे. अपघात झाल्यास वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे लागते.

यात दोन खोचा आहेत. आगीचे मूळ कारण गॅस असले पाहिजे. दुसऱ्या कारणाने आग लागून सिलिंडर फुटले तर हा विमा लागू होत नाही. भूकंपात मूळ कारण काय ठरेल यावर वाद होऊ शकतो. दुसरी खोच कारागिरांसाठी अधिक महत्त्वाची. नुकसानभरपाई नोंदलेल्या जागेपुरती आहे. घरचे लाल सिलिंडर दुकानात नेऊन त्यावर चहा उकळणारा, दागिन्याला झाळ देणारा किंवा भांड्याला कलई करणारा माणूस एकतर कायदा मोडतो आणि त्या जागेत काही झाले तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. धंद्यासाठी व्यावसायिक जोडणी घ्यावी. एकूण १०० किलोपर्यंत गॅस ठेवण्यास साठ्याचा परवाना लागत नाही, म्हणजे एकोणीस किलोच्या पाच टाक्यांपर्यंत.

ज्यांचा दुकानाचा विमा आहे त्यांनी कागद काढून ‘भूकंप’ हा शब्द त्यात आहे का ते वाचावे. जुन्या आगीच्या विम्यात भूकंप वेगळा पैसे भरून घ्यावा लागे. एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीच्या पॉलिसीत तो मुळातच धरलेला आहे.

घरी एकदा करून पाहावे

येत्या सुटीच्या दिवशी घरातील सर्वांना स्वयंपाकघरात बोलवावे. दिवा मालवावा, डोळे मिटावे आणि एकेकाला रेग्युलेटर बंद करून दाखवायला सांगावे. दादीजानची बोटे संधिवाताने वळत नसतील, तर धक्क्याच्या वेळी ते काम कोणाचे हे ठरवावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शिकवावे, पण खेळ म्हणून नव्हे. सून माहेरी गेली की रेग्युलेटरची जागा कोणालाच सापडत नाही अशी घरेही आहेत. घरातील पुरुषांनी ते ओशाळत का होईना शिकून घ्यावे. आणि तांदळाची पेटी बाजूला सरकवल्याशिवाय हात रेग्युलेटरपर्यंत पोहोचत नसेल, तर ती पेटी त्याच दिवशी दुसरीकडे हलवावी.